शेवट वाचलेला माणूस

सलीम, तुझ्यावर दोन पानं लिहून द्या असं वाचनालयाचे लोक परवा घरी येऊन सांगून गेले. तुझ्या आठवणींची पुस्तिका काढताहेत, वर तुझा फोटो. 'सर, चांगलं चांगलं लिहा,' असंही दारातून वळून म्हणाले. मी मान हलवली. आता लिहायला बसलोय तर चांगलं म्हणून काही सुचत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नसतं हे मला कळतं, एकतीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेत. पण तुझं माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलास. माझा राग तसाच शिल्लक आहे, तो मी कुठं नेऊन ठेवू?

गुरुवारी तुला मातीत ठेवून आलो. खांदा दिला, तो रीत म्हणून. मूठभर माती टाकली, तीही रीत म्हणून. बाहेर आल्यावर लोकांचं ऐकलं तर माझं डोकंच फिरलं. ज्यांच्या तोंडून कधी पुस्तकाचं नाव निघालं नाही, ते डोळे पुसत सांगत होते, 'मिस्त्रीनं आमाले वाचाले लावलं.' एक जण तर मला म्हणाला, 'सर, तुमच्यापेक्षा जास्त पोरं त्यानं शिकवली.' माझ्या तोंडावर म्हणाला, कब्रस्तानाच्या फाटकात. तू असतास तर हसला असतास, आणि ते हसू मला सगळ्यात जास्त झोंबलं असतं.

ज्यांना तुझं गॅरेज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुसदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड, बाहेर एक बाकडं, आत ऑइलच्या डब्यांच्या ओळीत एक लोखंडी पेटी. पेटीत पुस्तकं. कुणी गाडी सर्व्हिसिंगला टाकली की किल्ली तुझ्या शर्टच्या खिशात आणि पुस्तक गिऱ्हाईकाच्या हातात. पंचवीस पानं वाचून झाली की किल्ली मिळणार. 'गाडी तयार हाये, तुमीच तयार नाई,' असं तू लोकांना तोंडावर सांगायचास. कुणी नुसतीच पानं उलटली तर तू स्पार्क प्लग पुसता पुसता विचारायचास, त्या म्हाताऱ्यानं कुत्र्याचं नाव काय ठेवलं? उत्तर आलं नाही की पुन्हा पहिल्या पानापासून. अशा दुकानात माणसानं दुसऱ्यांदा पाय ठेवू नये. पण लोक येत. गावंडे दूधवाला धड चालणारी गाडी घेऊन दर बुधवारी यायचा आणि म्हणायचा, 'चेन ढिली वाटते मिस्त्री, पाहा बरं.' चेन बिचारी ठीक असायची. त्याला पुढची पंचवीस पानं हवी असायची.

मी पहिल्यांदा स्कूटर घेऊन आलो तेव्हा तू मलाही पुस्तक दिलंस. मी म्हणालो, 'अरे, मी मराठीचा शिक्षक आहे.' तू म्हणालास, 'मंग तं तुमाले सोपंच जाईन सर.' मी म्हणालो, हे पुस्तक माझं वाचून झालंय. तू लगेच कुत्र्याचं नाव विचारलंस. मला ते आठवेना. आठवेना कसलं, मी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं. तू बाकड्यावरची धूळ पुसलीस आणि मला जागा करून दिलीस. त्या दिवसापासून तू मला आवडायला लागलास आणि त्याच दिवसापासून मला तुझा रागही यायला लागला. ग्रीसच्या अंगठ्यांचे ठसे पानापानांवर, शिक्षण आठवी, आणि 'सर, हे वाचाच, नाई वाचलं तं जिंदगी फोकट गेली समजा,' असं तू मला सांगणार! मी तेच वाक्य वर्गात म्हणायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. तुझ्याकडून ऐकून लोक पुस्तक घरी न्यायचे आणि दुसऱ्या आठवड्यात परतही करायचे. हा अन्याय नव्हे तर काय?

एक उपकार मात्र लिहून टाकतो, म्हणजे ओझं उतरेल. माझी बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो तो मला धीर देत होता. तू आलास आणि जाताना टेबलावर एक पुस्तक ठेवून गेलास. मला वाटलं गीतेबितेवरचं असेल. उघडून पाहिलं तर स्वयंपाकाचं होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणालास, 'सर, आता हे वाचाच.' मी तुला फोनवर शिव्या दिल्या. मग वरण करायला शिकलो, भाकरी शिकलो, वर्षभरात पुरणपोळीपर्यंत गेलो. आजही जेवतो ते त्या पुस्तकावर. झालं, उपकार संपला.

आता आपल्या भांडणाचं पुस्तक. त्याचं नाव मी इथं घेत नाही. तीस वर्षं घेऊन झालं. फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातून मी आश्रमशाळेत शिकायला गेलो तेव्हा मला मराठी नीट येत नव्हतं. घरी आम्ही गोरबोली बोलणारे, आईला याडी म्हणणारे. शाळेच्या कपाटात मला सापडलेली ती पहिली कादंबरी. दुष्काळात चंद्री नावाची बाई एक बैल घेऊन नवऱ्याच्या शोधात निघते. नवरा धरणाच्या कामावर गेलेला, चार वर्षं निरोप नाही. ती गावोगाव विचारत जाते. मी ते पुस्तक शब्दाला शब्द लावून तीन महिन्यांत वाचलं. पण त्या प्रतीला शेवटची पानं नव्हती. वसतिगृहाच्या स्वयंपाक्यानं चूल पेटवायला फाडली असं पोरं म्हणत. चंद्री धरणाच्या वस्तीत पोचते, एका दाराशी उभी राहते, आणि पुढं नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर.

रविवारी घरी गेलो की दुपारी चिंचेखाली तांड्यातल्या पोरांना मी ती गोष्ट सांगायचो. ती त्या दारापाशी आली आणि पोरांनी मला सोडलंच नाही. मग मी पुढचं सांगून टाकलं. दार उघडतं, नवरा तिला ओळखतो, रडतो, दोघं बैल घेऊन नदीकाठानं गावी परत येतात. तांड्यातला प्रत्येक पोरगा कामाला बाहेर गेलेल्या कुणाची तरी वाट पाहत होता. माझाही बाप तेव्हा बाहेर होता. सगळे खूश झाले. पुढं इतक्यांदा सांगितलं की ते मी रचलंय हे मीच विसरलो. शिक्षक झालो, दर वर्षी दहावीच्या मुलांना शेवटच्या शनिवारी ते सांगायचो आणि म्हणायचो, 'हे पुस्तक आयुष्यात एकदा वाचाच.' पुस्तक बाजारात कुठं मिळत नव्हतं. त्यामुळं मुलांसाठी मीच ते पुस्तक होतो. तुझी बहीण नसीम अशाच एका वर्गातली, खिडकीजवळच्या बाकावर बसायची. शेवट ऐकताना तिनं ओढणीनं डोळे पुसले. ते मला फार बरं वाटलं.

आणि तू ते पुस्तक शोधून काढलंस. उमरखेडच्या कुठल्या रद्दीवाल्याकडून, अख्खं, शेवटच्या पानासकट.

वाचनालयाच्या त्या कार्यक्रमाबद्दल तू मेलास तरी मी तुला माफ केलेलं नाही. विषय होता 'माझं आवडतं पुस्तक'. निवृत्तीनंतरचा माझा पहिला सत्कार. शाल अंगावर, समोर माझे तीसएक वर्षांतले विद्यार्थी, काहींच्या कडेवर लेकरं. मी चंद्री सांगितली. शेवटापर्यंत आलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका रडत होत्या. तेवढ्यात तू मागच्या रांगेत उभा राहिलास. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पुस्तक.

'सर, एक मिन्ट. माफ करा. ती एकटी येते. तो येत नाई.'

आणि तू वाचून दाखवलंस. दार उघडतं, नवरा तिला ओळखत नाही, आत दुसरी बाई आहे, दोन मुलं आहेत. चंद्री प्यायला पाणी मागते. पाणी पिते, तांब्या परत देते आणि निघते. तू अडखळत वाचत होतास, तरी सभागृहात कुणी खोकलं नाही. मग मागं कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. माझ्याच एका विद्यार्थ्यानं ओरडून विचारलं, 'सर, तुमी कोन्तं पुस्तक शिकवून राह्यलते आमाले?'

मी माईकवर बोललो ते तिथल्या सगळ्यांनी ऐकलं, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, 'मिस्त्री, तू गाड्यांचं बघ. पुस्तकं आमच्यावर सोड.' तू म्हणालास, 'ठीक हाये सर,' आणि खाली बसलास. मी शाल खुर्चीवर टाकून निघून आलो. चार लोकांत माझी शोभा करायची तुला काय गरज होती, सलीम? तुझं गॅरेज होतं, बाकडं होतं, माझं घर तुला माहीत होतं. एकट्यात येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी सहा वर्षं प्रत्येकाला विचारलं. जो भेटेल त्याला. सगळे म्हणाले, 'हो सर, चुकलंच त्याचं.'

नंतर मी स्कूटर नाक्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकायला लागलो. त्यानं गाडीची पार वाट लावली. वैशाखातल्या एका दुपारी ती बंद पडली ती नेमकी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. मी ढकलत निघालो, घामानं निथळत. तू हात पुसत बाहेर आलास. 'सर, कार्बोरेटर असन, दोन मिन्टाचं काम हाये.' मी म्हणालो, 'नको.' तू म्हणालास, 'पुस्तक देत नाई बाप्पा, नुसती गाडी पाहतो.' मला हसू आलं होतं, खरंच आलं होतं. ते दाबून मी दीड किलोमीटर गाडी ढकलत गेलो. मी पडलो आडे सर, हसणार कसा?

तुझं पोटाचं दुखणं वाढलं, नागपूरला नेलं, परत आणलं, हे सगळं मला गावंडेकडून कळत होतं. एकदा त्याच्याच हाती तू ते पुस्तक पाठवलंस, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तुझा निरोप: 'सरले म्हना, शेवटची वीस पानं वाचा. मंग या भांडाले, मी घरीच हावो.' मी गाठसुद्धा न सोडता ते परत पाठवलं. भांडायला यायची इच्छा होती, पण त्यासाठी आधी वाचावं लागणार होतं. तिथंही तुझी तीच अट, आधी पानं आणि मग किल्ली. मरायला टेकलेल्या माणसानं तरी अट सोडावी की नाही? तू सोडली नाहीस, आणि मी गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी बसायला गेलो. नसीमनं चहा आणला. पंचेचाळिशीची झाली असेल, चष्मा लागलाय, घरीच शिवणाचा क्लास घेते. ती माझ्यासमोर पाटावर बसली, वर्गात बसायची तशीच ताठ. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, 'तुझा भाऊ चांगला माणूस होता' वगैरे. ती म्हणाली, 'सर, तुमाले भाईचा राग हाये, मले माहीत हाये. पन एक सांगू काय?'

आणि तिनं जे सांगितलं ते तू मला कधी का सांगितलं नाहीस?

तिचा नवरा हैदराबादला कामाला गेला तो फिरून आलाच नाही. ती तुझ्या घरी आली आणि वाट पाहत बसली. नऊ वर्षं. तू म्हणायचास, 'मोकळी हो, तुही जिंदगी अशी काहून घालवतं?' ती म्हणायची, 'आमच्या सरच्या पुस्तकात येते तो. चार वर्षांनी येते.' तू माझ्या त्या शेवटावर विश्वास ठेवलास. पुस्तक शोधायला लागलास ते मला खोटं पाडायला नव्हे. बहिणीला ते स्वतःच्या हातानं वाचायला द्यायचं होतं, तिला धीर यावा म्हणून. उमरखेडला सापडलं तेव्हा, नसीम म्हणाली, तू मिठाई आणली होतीस. मग तिला देण्याआधी तू स्वतः वाचलंस. आणि तीन महिने ते पुस्तक पेटीच्या तळाशी दाबून ठेवलंस, बहिणीला काय सांगावं हे न कळून.

'त्या कार्यक्रमाले मी बी होती सर, बायांत मागं,' ती म्हणाली. 'भाईनं वाचलं ते ऐकलं. घरी येऊन मी सोता वाचलं. दोनदा वाचलं. मंग दुसऱ्या मैन्यात काझीसाहेबाकडं जाऊन मोकळी झाली.'

मी म्हणालो, 'म्हणजे माझ्यामुळं तुझी नऊ वर्षं गेली.'

'नाई सर. पुस्तकाच्यानं कोनी नऊ वर्षं बसते काय? तो येत नाई हे मले माहीतच होतं. फकत कोनीतरी तसं लिहून ठेवलेलं पाह्यजे होतं.' मग तिनं कप उचलला आणि म्हणाली, 'तुमचा शेवट गोड होता. पन तो माह्या कामाचा नव्हता.'

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सहा वर्षांची सवय. माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. 'ते सगळं खरं गं. पण सलीमनं मला एकट्यात सांगायला हवं होतं. चारचौघांत नव्हे.'

तिनं कप खाली ठेवला. 'मले तं म्हने, आधी सरले विचारतो. नाई विचारलं काय त्यानं?'

'नाही,' मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. ओढणी सावरत म्हणाली, 'मंग भाईचंच चुकलं सर. तुमी मोठे हा. माफ करा त्याले.'

आणि मी म्हणालो, 'जाऊ दे आता. केलं माफ.'

तिनं पुस्तक दिलं. भाईनं तुमच्यासाठी म्हणून ठेवलं होतं म्हणाली. मी घरी आलो, भर दुपारी खुर्चीत बसलो आणि शेवटची वीस पानं वाचली. तुझे ठसे होते, शेवटच्या पानावर सगळ्यात जास्त. चंद्री तांब्या परत देते तेव्हा तो नवरा म्हणतो, 'लांबून आलीस का बाई?' ती म्हणते, 'नाही, जवळचीच आहे.' माझ्या शेवटाच्या शंभर पट चांगला आहे, सलीम. एवढं चांगलं लिहिलेलं असताना मी तीस वर्षं त्याच्या जागी माझं सांगत राहिलो. मी रडलो. मग तुझ्यावर इतका चिडलो की उठून तुझ्या गल्लीपर्यंत गेलो. शेडला कुलूप होतं. आता मी वाचून आलोय भांडायला, आणि तू नाहीस.

वाचनालयाच्या लोकांनो, चांगलं चांगलं मागितलं होतंत. पुढचं छापायचं असेल तर सगळं छापा, नसेल तर काहीच छापू नका.

सलीमनं मला विचारलं होतं. एकदा बाकड्यावर, कार्यक्रमाच्या महिनाभर आधी: 'सर, त्या चंद्रीचा शेवट तुमी सोता वाचला ना?' मी म्हणालो, तोंडपाठ आहे. दुसऱ्यांदा बाजारात, हातात भाजीची पिशवी असताना. मी म्हणालो, तुला काय करायचंय? तिसऱ्यांदा कार्यक्रमाच्या सकाळी तो माझ्या घरी आला, धुतलेला शर्ट घालून, पुस्तक कापडात बांधून. म्हणाला, 'सर, आज बोलायच्या आधी येवढी वीस पानं पाहून घ्या. माह्या बहिनीचा सवाल हाये.' मी दार अर्धंच उघडलं होतं. मी म्हणालो, मला शिकवायला आलास का, आणि दार लावून घेतलं. तो बराच वेळ पायरीवर बसून होता. मी खिडकीतून पाहत होतो.

नसीम, तू माझ्याकडं त्याच्या वतीनं माफी मागितलीस ती परत घे. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोललो, त्याच्याच घरात बसून.